तुंबलेली लसिका

रक्ताभिसरण आज शाळेतील मुलासही ठाऊक आहे. परंतु रक्ताच्या जोडीने आपल्या देहात आणखी एक प्रवाह वाहत असतो. तो तुंबेपर्यंत त्याची विचारपूस कोणी करीत नाही. त्यास लसिका म्हणतात. रक्तवाहिन्यांतून पाझरलेले जे पाणी परत रक्तात शिरत नाही, ते लसिकावाहिन्या गोळा करतात व मानेच्या तळाशी मोठ्या शिरांत नेऊन सोडतात. हे पाणी दिवसाकाठी सुमारे ३ लिटर भरते. रक्ताला हृदयाचा पंप आहे. लसिकेला तसा पंप नाही. वाहिन्यांचे आकुंचन, त्यांतील झडपा आणि स्नायूंची हालचाल यांवरच तिचा कारभार चालतो.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वैद्यकाची पदवी आमच्यापाशी नाही. पण सुजलेला पाय घेऊन दिवसभर यंत्रापुढे उभा राहणारा माणूस आमच्याकडे येतो, तेव्हा हा विषय आम्हांस टाळता येत नाही. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा हा पूर्व विदर्भाचा टापू हत्तीरोगाचा. तेथून पोटासाठी नाशकास आलेल्या माणसाबरोबर त्याचे दुखणेही येते. स्तनाच्या कर्करोगात काखेतील ग्रंथी काढल्यावर कित्येक भगिनींचा हात सुजतो, तोही याच जातीचा विकार.

हत्तीरोग पापाने होत नाही, डासाने होतो. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास धाग्यासारख्या कृमीचे बीज माणसात सोडतो. हे कृमी लसिकावाहिन्यांत घर करतात. त्यांची पिल्ले टिमथी लुईस याने १८७२ साली कलकत्त्यात माणसाच्या रक्तात पाहिली. ती बहुधा रात्री रक्तात उतरतात, म्हणून तपासणीचे रक्त रात्री घेतात.

वाहिनी कोठे अडली आहे, हे मात्र दिसत नव्हते. कारण लसिका जवळजवळ रंगहीन. लंडनच्या किनमंथने १९५२ साली पायाची कातडी चिरून त्या बारीक वाहिनीत औषध भरले व क्ष-किरणांनी तिचे चित्र घेतले. काम मोठे नाजूक होते. आज बोटांच्या बेचक्यात किरणोत्सर्गी द्रव्य किंचित टोचतात व बाहेरचा कॅमेरा त्याचा प्रवास टिपतो. दुसऱ्या रीतीत हिरवा रंग टोचून अवरक्त प्रकाशात पाहिले, की कातडीखालच्या वाहिन्या चकाकतात. खोलवरच्या मात्र दिसत नाहीत. ध्वनिलहरींच्या यंत्रावर तर वाहिनीत वळवळणारे जिवंत कृमीही दिसतात.

उपचाराचे तत्त्व द्वारकेच्या चौकात रोज ये-जा करणाऱ्यास सहज कळेल. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे रस्ते तेथे भेटतात. चौक अडला की मागे रांगा लागतात. अशा वेळी शेजारच्या मोकळ्या रस्त्यास वाट काढून दिली, तर भार हलका होतो. शल्यवैद्य तेच करतात. सूक्ष्मदर्शकाखाली, लहानशा छेदातून, मिलिमीटरहून बारीक लसिकावाहिनी जवळच्या शिरेस जोडतात. जपानच्या इसाओ कोशिमा यांनी ही विद्या पुढे नेली. लसिका छातीत गळू लागली, तर अमेरिकेत कॉन्स्टंटिन कोप यांनी दाखविलेल्या रीतीने पोटातून बारीक सुई व नळी घालून गळती बुजविता येते. प्रत्येक वेळी छाती उघडावी लागत नाही.

तरी भुलू नये. वाहिन्यांत जीव शिल्लक असेल तोवरच हे जोडकाम चांगले उपयोगी पडते. वर्षानुवर्षे सुजून कातडी राठ झालेल्या पायास त्याने पूर्ववत रूप येत नाही. सरकारी मोहिमेतील गोळ्या रक्तातील पिल्ले मारतात व प्रसार थांबवितात. म्हणून त्या निरोग्यांनीही घ्यावयाच्या. २०२७ पर्यंत देशातून हा रोग हटविण्याचे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे. पण आलेली सूज त्या गोळ्यांनी सहसा उतरत नाही. तिला रोज साबणपाण्याने पाय धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, भेगांना मलम लावणे, पाय उंच ठेवणे आणि शिकून घेतलेली पट्टी बांधणे हाच आधार. यामुळे ताप व लाली यांचे झटके कमी होतात, आणि एकेक झटका टळला की सूज वाढण्याचे एक कारण टळते.

मग आमचे मागणे फार मोठे नाही. सुजलेल्या पायाच्या माणसास कामावरून काढू नका. बसून करण्याचे काम, मापाचे जोडे, पाय धुण्यास स्वच्छ पाणी आणि दवाखान्यात जाण्याची भरपगारी रजा द्या. आणि श्रोतेहो, आपल्या घरी कोणाचा एकच पाय वा हात हळूहळू सुजू लागला, तर तो लुगड्याआड वा धोतराआड लपवू नका. पहिल्याच वर्षी दाखवा; वाट काढता येते ती तेव्हाच.