आमरस, वादळ आणि ‘पोचलो’चा मेसेज

सुट्टी म्हणजे काय हो? आमच्या खोपटच्या घरात सुट्टी म्हणजे आत्याची फौज! २०२४च्या मे महिन्यात ही मंडळी खोपट एसटी स्टँडवर उतरली, ती हापूसच्या दोन पेट्या घेऊनच. १० मे, अक्षय्य तृतीया. आईचा पुरणपोळी-आमरसाचा बेत, आत्याची ग्रॅमभर सोन्याची खरेदी. रविवारी मदर्स डे, म्हणून आम्हा भावंडांतर्फे केक. गच्चीवर कुरडया, घरात जिवाची काहिली!

आणि सोमवार, १३ मे. दुपारी चारनंतर ऑफिसच्या काचेबाहेर सगळं पिवळंधम्मक. आधी धूळ, मग पाऊस. ठाणे-मुलुंडदरम्यान ओव्हरहेड वायरचा खांब वाकला, लोकल ठप्प. मी मुलुंडहून चालत निघाले. तेवढ्यात बातमी आली : घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं. माझा दादा रोज त्याच हायवेने बाइकवरून येतो. फोन लागेना. तीन हात नाका येईपर्यंत किती वेळा लावला, देव जाणे.

घरी पोचले, तर साहेब भिजलेल्या कुरडया निवडत बसलेले! भाचरांना आइस्क्रीम कबूल केलं होतं, म्हणून लवकर निघालेला. मोबाइलची बॅटरी डाऊन. आई काहीच बोलली नाही, फक्त आमरसाची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

त्या दुर्घटनेत १७ जण गेले. तेही कुणाचे तरी दादाच होते.

२० मेला मतदान करून आत्या परतली. जाताना नियम घालून गेली : निघालात की मेसेज, पोचलात की मेसेज. आम्ही तो अजून पाळतो. तुम्ही केलात का आजचा?