वेशीवर थांबलेली तार

बालाघाट म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बीड-धाराशिवकडील डोंगररांग उभी राहते. परंतु त्याच नावाचा एक जिल्हा मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, महाराष्ट्रातील गोंदिया जिल्ह्याला लागून आहे. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत त्याचा कारभार नागपूरच्या राजधानीतून चालत असे, आणि आजही औषधोपचाराला वा बाजारहाटाला गोंदिया-नागपूरची वाट धरणारी माणसे तेथे थोडीथोडकी नाहीत. या जिल्ह्याचे सरळसरळ दोन भाग पडतात. खालचा भाग वैनगंगेच्या खोऱ्यातला, भातशेतीचा. तेथील चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वरचा, बैहर-परसवाड्याकडचा भाग घाटमाथ्याचा, सालवनांचा, गोंड आणि बैगा वस्त्यांचा. कान्हाचे अभयारण्य याच बाजूला आहे. भरवेलीचे मँगनीज आणि मलाजखंडचे तांबे याच जिल्ह्याच्या पोटातून निघते. ज्या भूमीने देशाच्या तारांसाठी तांबे पुरविले, त्या भूमीवरील जंगलातल्या टोल्यांपर्यंत मात्र तार पोहोचताना धापा टाकते, हा दैवदुर्विलास म्हणावा की नियोजनाची तऱ्हा?

अर्ध्याहून अधिक क्षेत्र वनांखाली असलेल्या अशा जिल्ह्यात मोबाईलची खूण एका वळणावर उमटते आणि दुसऱ्या वळणावर मावळते. शहरातील माणसाला ही गैरसोय वाटेल. गावातील माणसाच्या दृष्टीने तो आता पोटाचा प्रश्न झाला आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. रेशनच्या दुकानात धान्य हवे तर यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो, आणि त्या अंगठ्याची ओळख दूरच्या संगणकाने पटवावी लागते. लहरी आल्या नाहीत तर समोर पोते असूनही पिशवी रिकामी राहते. ज्या रोजगार हमीचा पाया महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने घातला, ती पुढे राष्ट्रीय झाली. आणि १ जानेवारी २०२३ पासून तिच्या कामांवरील मजुरांची हजेरी मोबाईलवरून, दिवसातून दोनदा छायाचित्र पाठवून नोंदविण्याची सक्ती करण्यात आली. मजुराने दिवसभर माती उपसावी, आणि छायाचित्र वेळेवर गेले नाही म्हणून त्याचा दिवस कागदावर कोराच राहावा, अशी अवस्था त्यामुळे ओढवली. शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाऱ्याची नक्कल, पीकविम्याची नोंद, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला यांची वाटही आता त्याच दारातून जाते. शासनाने नागरिकावर एक अट घालावी, आणि ती पाळण्याचे साधन मात्र त्याला देऊ नये, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

शासन या बाबतीत स्वस्थ बसले आहे, असे मात्र कोणी म्हणणार नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. सुमारे अडीच लाख पंचायतींचे हे उद्दिष्ट होते. पुढे योजनेचे ‘भारतनेट’ असे नामकरण झाले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. जुलै २०२२ मध्ये मोबाईलपासून वंचित राहिलेल्या २४,६८० गावांसाठी स्वतंत्र योजना मंजूर झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये बैगांसारख्या अतिमागास आदिवासींसाठी जी ‘जनमन’ योजना निघाली, तिच्यातही दूरसंचाराचा समावेश आहे. पैसा आहे, आराखडे आहेत, उद्घाटनेही आहेत. मग उणे काय आहे?

उणे आहे ते शेवटच्या दोन कोसांचे. पंचायत म्हणजे एक गाव नव्हे. डोंगराळ भागात तिच्यात एकाहून अधिक गावे आणि त्यांच्या विखुरलेल्या वाड्या असतात. तार येते ती पंचायतीच्या कचेरीपर्यंत. तेथे एका कपाटात यंत्र बसते, कपाटाला कुलूप लागते, आणि कुलपाची किल्ली कोणाकडे असते हे गावाला ठाऊक नसते. वीज गेली की यंत्र बंद पडते. रस्ता रुंद करणाऱ्याने जमीन खणली की तार तुटते. दुरुस्तीचा माणूस जिल्ह्याच्या गावाहून यायचा. त्याला कोण बोलावणार आणि तो कोणाला जबाबदार राहणार? शासनाच्या दप्तरात ते गाव जोडले गेलेले असते, प्रत्यक्षात ते पूर्वी होते तेथेच असते. तार वेशीवर येऊन थांबते ती अशी.

हे शेवटचे दोन कोस तारेवाचून ओलांडता येतात, याचा पुरावा शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, पालघर जिल्ह्यात, मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ या नावाने हा प्रयोग केला. विद्युत अभियांत्रिकी विभागातील प्राध्यापक अभय करंदीकर यांनी त्याचे नेतृत्व केले. दूरदर्शनसाठी राखून ठेवलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या लहरींचा मोठा भाग देशात बहुतेक ठिकाणी वापराविना पडून असतो, हे या मंडळींनी अभ्यासाने दाखवून दिले, आणि प्रायोगिक परवाना घेऊन खामलोली परिसरातील काही वस्त्यांत त्या लहरींवरून इंटरनेट खेळविले. पुढे विनापरवाना वापरता येणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या साहाय्याने जिल्ह्यातील पंचवीस गावे जोडण्यात आली. २०१७ मध्ये मोझिला या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत या उपक्रमाला सव्वा लाख डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले.

यातील तंत्र सामान्य माणसाला समजणार नाही असे मुळीच नाही. तार जेथे संपते तेथे एक उंच खांब उभारावयाचा. त्याच्या माथ्यावरील अँटेना विजेरीच्या झोताप्रमाणे एकाच दिशेला लहरी फेकते. काही किलोमीटरवरील दुसऱ्या खांबावरची अँटेना तो झोत पकडते आणि पुढच्या गावाकडे पाठविते. शेवटच्या गावात एक लहान यंत्र तो प्रकाश, म्हणावयाचे तर, अंगणभर पसरते. शाळा, दवाखाना, रेशनदुकान आणि आसपासची घरे त्याच्या कक्षेत येतात. दोन खांबांनी एकमेकांना पाहिले पाहिजे, ही या विद्येची मुख्य अट. मध्ये डोंगर आला की झोत अडतो. दाट झाडी आली तरी ५.८ गिगाहर्ट्झची लहर थकते. दूरदर्शनच्या पट्ट्यातील लहरींचे सामर्थ्य असे की त्या पानांतून वाट काढीत पुढे जातात. बैहरच्या सालवनासारख्या मुलखात नेमके तेच हवे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने परवान्यातून मुक्त केला. जंगलातल्या गावांना सर्वांत उपयोगी ठरणाऱ्या लहरींच्या बाबतीतच हात आखडता घेतला गेला, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

मध्य प्रदेशालाही ही कल्पना नवखी नाही. डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशन आणि इंटरनेट सोसायटी या संस्थांनी २०१० मध्ये गावोगावी बिनतारी जाळी उभारण्याचा जो उपक्रम हाती घेतला, त्यात विणकरांचे चंदेरी हे आरंभीच्या ठिकाणांपैकी एक होते. नेपाळात महावीर पुन या शिक्षकाने म्याग्दी जिल्ह्यातील नांगी या आपल्या गावासाठी झाडांच्या शेंड्यांवर अँटेना बांधून पोखऱ्याशी संधान जुळविले, आणि त्या कार्यासाठी २००७ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. हिमालयाच्या कुशीत जे साधले, ते सातपुड्याच्या कुशीत न साधण्यास कारण नाही.

तथापि खांब उभारणे हा या कामाचा सोपा भाग होय. खरी कसोटी उद्घाटनाचे तोरण सुकल्यावर लागते. वीज कोसळून अँटेना जळते, बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते, वेल खांबावर चढते, माकडे तारा ओढतात. अशा वेळी धावून जाणारा माणूस गावातलाच असेल तर जाळे टिकते. परगावच्या कंत्राटदारावर भिस्त असेल तर पहिल्याच पावसाळ्यात त्याचा निकाल लागतो. पालघरच्या मंडळींनी हे ओळखून शासन, खासगी उद्योग आणि पंचायत यांच्या भागीदारीची योजना मांडली. पंचायतीने भांडवलाचा वाटा उचलावा, गावातीलच तरुणाने रोजचा कारभार पाहावा आणि उत्पन्नात दोघांचा हिस्सा असावा, असा तिचा आशय. आमच्या मते या साऱ्या प्रयोगाचे मर्म अँटेनात नसून या वाटणीत आहे.

गोमंतकीय वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. खाजन शेतीचे बांध आणि मानशी यांची निगा आपल्याकडे शतकानुशतके गावकारीने राखली. बांध कोणाच्या शेतापाशी फुटला हे न विचारता गाव धावून जात असे, कारण खारे पाणी एकदा आत शिरले की ते कोणाचाच मुलाहिजा राखीत नाही. पुढे मालकी आणि जबाबदारी यांची फारकत झाली, बांध सर्वांचा म्हणून कोणाचाच उरला नाही, आणि पाणी आत आले. हाच धडा महाराष्ट्रातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने दिला. ग्रामीण भागाला वीज पुरविण्यासाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था थकबाकीच्या डोंगराखाली दबली आणि २०११ मध्ये तिचा पुरवठा महावितरणकडे गेला. सहकाराचे नाव घेतले की हिशेब आपोआप जुळतात असे नाही. गावाचे जाळे उभारावयाचे तर दरमहा वर्गणी वसूल झाली पाहिजे, तिचा जमाखर्च ग्रामसभेपुढे आला पाहिजे, आणि बॅटरीसाठी पैसे बाजूला पडले पाहिजेत. हे कठोर वाटेल, पण याला पर्याय नाही.

मोबाईलचे मनोरे उभे राहत असताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न विचारला जातो. २०२५ मध्ये उपग्रहाद्वारे इंटरनेट पुरविण्याचे परवानेही दिले गेले, मग खांब आणि अँटेनांचे युग संपले असेही काहीजण म्हणतील. मनोरा यावा, उपग्रहही यावा. त्यांना आमचा विरोध नाही. परंतु कंपनी मनोरा उभारते ती ग्राहकांची संख्या पाहून, आणि तीस घरांचा टोला तिच्या हिशेबात बसत नाही. शिवाय मनोरा बंद पडला तर गावाच्या हाती तक्रार करण्यापलीकडे काही उरत नाही. स्वतःचे जाळे असले की निदान पाना आणि शिडी गावाच्या हाती राहते. बाहेरचे इंटरनेट तुटले तरी शाळेचे धडे, दवाखान्याच्या नोंदी, बाजारभावाचे फलक गावातल्या गावात फिरत राहू शकतात, हा लाभही लहान नव्हे.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेने एक दार उघडले आहे. तिच्याखाली किराणा दुकानदारालाही परवान्यावाचून लोकांना वाय-फाय विकता येते. परंतु दुकानदाराने ज्या घाऊक दराने इंटरनेट घ्यावयाचे तोच इतका चढा होता की, विकून हाती काही उरत नसे. अखेर जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला त्यावर मर्यादा घालावी लागली; घरगुती जोडणीच्या दराच्या दुपटीहून अधिक आकारणी करू नये, असा दंडक त्याने घातला. योग्य दिशेने टाकलेले हे पाऊल आहे. पण साडेचार वर्षे उशिरा टाकलेले आहे, हेही नमूद केले पाहिजे.

आता करावयाचे काय ते स्पष्ट आहे. पंचायतीपर्यंत आलेल्या तारेतील शिल्लक क्षमता ग्रामसभा, बचत गट वा सहकारी संस्था यांना माफक दराने खुली करावी. दूरदर्शनच्या पट्ट्यातील रिकाम्या लहरी जंगल-डोंगरातील गावांना वापरू द्याव्यात. प्रत्येक पंचायतीत किमान दोघांना, त्यांपैकी एका स्त्रीला, दुरुस्तीचे शिक्षण द्यावे. आणि हे होईपर्यंत, जेथे लहरी नाहीत तेथे शिधापत्रिकेची वही आणि हजेरीचा कागदी पट ग्राह्य धरावा. यातील शेवटच्या मागणीला पैसाही लागत नाही. लागते ती केवळ माणुसकी.

बालाघाट आपल्यापासून दूर आहे, असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी, सांगे, काणकोणची मुले लहरींच्या शोधात डोंगर चढत होती, आणि सिंधुदुर्गातील विद्यार्थी टेकडीवर खोपटे बांधून अभ्यास करीत होते, याला फार वर्षे झालेली नाहीत. १९१ पंचायतींच्या या चिमुकल्या राज्यात एखाद्या मुलाला धड्यासाठी डोंगर चढावा लागत असेल, तर बैहरच्या रानातील बैगाच्या मुलाची वाट किती लांब असेल याचा अंदाज आपल्याला सहज यावा. बांध राखण्याची विद्या ज्या गावांनी एकेकाळी आत्मसात केली होती, त्यांनीच आता या नव्या बांधाची राखण कशी करावी हे दाखवून द्यावयास हवे.