सात इंची दिव्याचं राज्य

१९४० ते १९५६ या काळातली अमेरिकी मोटार कोणत्याही कंपनीची असो, स्वस्त असो वा महागडी, तिचे पुढचे दोन्ही दिवे गोल आणि ७ इंच व्यासाचेच असायचे. ही फॅशन नव्हती, नियम होता.

त्याला कारणही तसंच होतं. आधीच्या दिव्यांत धूळ आणि ओल शिरायची, परावर्तक काळवंडायचा, उजेड मिणमिणा व्हायचा. त्यावर तोड निघाली ‘सील्ड बीम’ची. फिलामेंट, परावर्तक आणि काच एकाच हवाबंद कवचात. फिलामेंट गेलं की अख्खा दिवा बदलायचा; माप देशभर एकच, त्यामुळे तो कुठल्याही गावात मिळायचा. रात्री आडरस्त्यावर अडकलेल्यांसाठी ही सोय लाखमोलाची होती.

पण उजेड किती आणि कुठे पडावा एवढंच न सांगता नियमाने दिव्याचा आकारच बांधून टाकला, आणि तिथेच गाडं अडलं. १९६२ मध्ये युरोपात जास्त प्रखर हॅलोजन दिवे आले. अमेरिकेत ते यायला १९७०चं दशक सरत आलं. १९६८ पासून लागू झालेल्या संघीय मानक क्रमांक १०८ने पेटत्या दिव्यापुढे काचेचं आवरण ठेवायलाही मनाई केली. त्याच सुमारास सिट्रोएन डीएस या फ्रेंच गाडीत काचेआडचे आतले दोन दिवे स्टीअरिंगबरोबर फिरू लागले होते. गाडी वळायच्या आत उजेड वळणापलीकडचा रस्ता दाखवायचा. अमेरिकेत जाणाऱ्या डीएसची मात्र काच काढली गेली आणि दिवे जागच्या जागी खिळवले गेले. सुरक्षेसाठी केलेल्या नियमाने चालकाची नजर अशी आखूड करावी, हे खटकतंच.

झाकणाखालून वर येणारे दिवे १९३६च्या कॉर्ड ८१० गाडीतही होते. पण दिवा जमिनीपासून ठरावीक उंचीवर हवा, या अटीमुळे निमुळत्या नाकाच्या स्पोर्ट्स कारना तो उत्तम तोडगा ठरला.

कोंडी फुटली १९८३ मध्ये. इंधन वाचवायचं तर वारा कापणारं नाक हवं, असा फोर्डचा आग्रह होता. बदलता येणाऱ्या बल्बला परवानगी मिळाली आणि १९८४च्या लिंकन मार्क ७वर गाडीच्या आकारात मिसळून गेलेले दिवे झळकले.

तरी ‘अप्पर’ आणि ‘डिप्पर’ असे दोनच झोत, ही चौकट टिकली. कॅमेऱ्याने समोरची गाडी हेरून तेवढ्याच भागावरचा उजेड कमी करणारे दिवे युरोपात रुळले होते. अमेरिकेत त्यांच्यासाठी टोयोटाने २०१३ मध्ये अर्ज केला. मंजुरीचा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाला, तोही युरोपापेक्षा वेगळ्या चाचण्यांसह.