अंकाऱ्याहून आलेला खुतबा

15 जुलै 2016 च्या रात्री तुर्कस्तानात लष्करातल्या एका गटाने बंड केले. इस्तंबूलला बॉस्फरसच्या पुलावर रणगाडे उभे राहिले, अंकाऱ्यात संसदेवर बॉम्ब पडले. मध्यरात्र उलटली आणि गावोगावच्या मिनारांवरून ‘सेला’ ऐकू येऊ लागली. एरवी ही प्रार्थना शुक्रवारच्या नमाजाआधी किंवा कुणी वारले की म्हणतात. अशा अवेळी ती कानी पडताच लोक दचकून जागे झाले. पाठोपाठ त्याच भोंग्यांवरून रस्त्यावर उतरण्याची हाक आली आणि माणसे उतरली. बंड फसण्याला इतरही कारणे होती. पण देशभरच्या मशिदी एका रात्रीत एका सुरात बोलल्या कशा?

तिथले इमाम सरकारी नोकर आहेत, म्हणून. त्यांची नेमणूक, बदली, पगार, निवृत्तिवेतन सारे ‘दियानेत’ नावाच्या सरकारी खात्याकडून होते. आज या खात्यात एक लाखाहून जास्त माणसे कामाला आहेत आणि त्याचा खर्च कित्येक मंत्रालयांच्या वर जातो. शुक्रवारचा खुतबा, म्हणजे प्रवचनही, अंकाऱ्यात लिहून तयार होतो आणि इमाम तो वाचून दाखवतात. हे खाते कुणा धर्मवेड्या राजवटीने काढले असेल असे वाटते. ते काढले मुस्तफा केमाल पाशाच्या निधर्मी प्रजासत्ताकाने.

तारीख 3 मार्च 1924. त्या दिवशी अंकाऱ्याच्या संसदेने खिलाफत मोडीत काढली. आपल्याकडे जिच्यासाठीच्या चळवळीला गांधीजींनी साथ दिली, ती खिलाफत तुर्कांनीच निकालात काढली. शेवटचे खलिफा अब्दुलमजीद हद्दपार झाले. खलिफाला निरोप देणाऱ्या त्याच दिवशी त्याच संसदेने मदरसे शिक्षण खात्याच्या ताब्यात दिले आणि दियानेतची स्थापना केली. पुढच्या वर्षी दर्वेशांचे मठ बंद झाले. केमालचा हिशेब रोखठोक होता: धर्म मोकळा सोडला तर तो उलटेल, तेव्हा त्याला सरकारी हजेरीपटावर घ्यावे. फ्रान्सने 1905 च्या कायद्याने चर्च आणि सरकार यांची फारकत केली. तुर्कांनी नाव फ्रेंचांच्या धोरणाचे घेतले आणि केले जवळजवळ उलटे.

सरकार किती आतवर शिरले, ते अजानीवरून कळते. 1932 पासून अजान अरबीऐवजी तुर्की भाषेत द्यायची असे ठरले, आणि 1941 मध्ये अरबी अजान हा तुरुंगवासाचा गुन्हा झाला. खेड्यातल्या म्हाताऱ्या मुअज्जिनाने सवयीने जुने शब्द उच्चारले तरी पोलीस दारात येऊ शकत होते. 1950 मध्ये अदनान मेंदेरेस यांचा पक्ष निवडून आला. सत्तेवर येऊन महिना होतो न होतो तोच त्यांनी ही बंदी उठवली. मते कुठे आहेत हे त्यांना नेमके कळले होते. अजानीची भाषा बदलली, तिच्यावरचा सरकारी ताबा मात्र कायम राहिला.

पुढच्या सेनापतींनीही हे यंत्र वापरले. 1980 चा उठाव करणारे जनरल स्वतःला केमालचे वारसदार म्हणवत; त्यांच्याच 1982 च्या राज्यघटनेने शाळेत धर्मशिक्षण सक्तीचे केले. डाव्यांना रोखायला थोडा इस्लाम बरा, असा तो विचार.

मग पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले एर्दोआन आले. सभेत म्हटलेल्या एका कवितेपायी 1999 मध्ये त्यांना तुरुंगात जावे लागले होते. 2002 मध्ये त्यांच्या पक्षाने निवडणूक जिंकली. राज्यघटनेतले निधर्मीपणाचे कलम बदलता येत नाही, तशी तरतूदच आहे. त्यांना ते बदलण्याची गरजही पडली नाही. धर्माचे तयार खाते, पगारी इमाम, भोंगे सगळे आधीपासून जागेवर होते. जुलै 2020 मध्ये इस्तंबूलच्या हागिया सोफिया या संग्रहालयाची पुन्हा मशीद झाली. 24 जुलैला, पहिल्या शुक्रवारच्या नमाजाला, हातात तलवार घेऊन मिंबरवर, म्हणजे खुतब्याच्या व्यासपीठावर, चढलेले अली एरबाश हे दियानेतचे प्रमुख, म्हणजे सरकारी अधिकारी होते.

शेजारच्या इराणमध्ये सत्ता धर्मगुरूंच्याच हाती आहे. तिथे तरी धर्माचा शब्द अखेरचा असेल? कामगार कायद्यासारखी विधेयके शरियतीत बसत नाहीत म्हणून ‘रक्षक परिषद’ अडवू लागली, तेव्हा जानेवारी 1988 मध्ये सर्वोच्च नेते खोमेनींनी लिहून कळवले की इस्लामी शासन नमाज, रोजा आणि हज यांच्याही आधी येते. राज्याच्या हितासाठी तीही थांबवता येतील. शरियत आणि राज्याचे हित यांच्यात पेच पडला की निवाडा करायला त्याच वर्षी वेगळी परिषद नेमली गेली. माझ्या मते धर्मराज्याचे मर्म या एका पत्रात जेवढे उघडे पडते, तेवढे शंभर भाषणांत पडत नाही.

तुर्कस्तानातल्या या साऱ्यात अलेवी या अल्पसंख्य पंथाचे हाल झाले. कर त्यांनीही भरायचा, पण दियानेत चालते सुन्नी पद्धतीने. त्यांच्या ‘जेमेवी’ला प्रार्थनास्थळ म्हणून मान्यता मिळेना, तेव्हा ते युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले आणि तिथे जिंकले. नोव्हेंबर 2022 मध्ये सरकारने संस्कृती मंत्रालयाखाली अलेवींसाठी स्वतंत्र कार्यालय उघडले आणि जेमेवीच्या प्रमुखांना पगार देऊ केला. अनेक अलेवी संघटनांनी त्याला विरोध केला. त्यांना हवी होती प्रार्थनास्थळ म्हणून मान्यता.