डिझ्नीज ॲनिमल किंगडम

डिझ्नीज ॲनिमल किंगडम हे अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, ऑरलँडो शहराजवळील वॉल्ट डिझ्नी वर्ल्ड या पर्यटन संकुलातील चौथे मनोरंजन उद्यान आहे. २२ एप्रिल १९९८ रोजी, म्हणजे वसुंधरा दिनी, ते खुले झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५८० एकर असून जो रोडी हे त्याचे प्रमुख रचनाकार होते.

प्राणिसंग्रहालय की मनोरंजन उद्यान?

सुरुवातीच्या जाहिरातींत ‘नाहटाझू’ असा एक बनावट शब्द योजला होता. ‘हे प्राणिसंग्रहालय नव्हे’ या इंग्रजी वाक्याचे ते आफ्रिकी वाटेल असे रूप होते. वस्तुतः अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेची मान्यता उद्यानाला आहे. तेव्हा हा दावा शब्दांपुरताच खरा. उद्घाटनापूर्वीच्या काळात येथे काही प्राणी दगावले. त्यांत विषबाधेने मेलेली चित्त्याची ४ पिल्ले होती. शासकीय चौकशीत नियमभंग आढळला नाही, तरी टीका झाली.

रचना

मध्यभागी ‘ट्री ऑफ लाइफ’ हा १४५ फूट उंचीचा कृत्रिम वृक्ष आहे. त्याचा अंतर्गत सांगाडा समुद्रातील तेलविहिरीच्या मंचासारखा असून खोडावर ३००हून अधिक प्राणी कोरलेले आहेत. ‘आशिया’ विभाग ‘आनंदपूर’ नावाच्या काल्पनिक राज्यात वसवला आहे. तेथील महाराजांच्या पडक्या राजवाड्यात वाघ वावरतात. हे नाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटले, तरी हे राज्य भारताच्या नकाशावर शोधू नये.

लहान मुलांसह भेट

बालकांसाठी सर्वांत उपयुक्त भाग ‘किलिमांजारो सफारी’ हा होय. उघड्या ट्रकमधून होणाऱ्या या सुमारे २० मिनिटांच्या फेरीस उंचीची अट नाही. जिराफ, हत्ती व सिंह मोकळ्यावर दिसतात, कारण कुंपणांऐवजी खंदक आणि उंचवटे झाडाझुडपांत दडवलेले आहेत. सिंह जेथे पहुडतात ते खडक कृत्रिम असून त्यांचे तापमान नियंत्रित केलेले असते. अन्यथा फ्लोरिडाच्या उन्हात ते सावलीत दडून राहतील. तरीही प्राणी दिसेलच याची हमी नसते. जिराफ रस्त्यात उभा राहिला तर ट्रक थांबतो व फेरी लांबते. चित्रफितीतल्या प्राण्यांची सवय असलेल्या मुलाला ही प्रतीक्षा आधी समजावून सांगावी लागते. उन्हे चढल्यावर अनेक प्राणी सुस्तावतात, म्हणून सकाळची वेळ सोयीची.

वेगवान खेळांत मात्र उंचीची मर्यादा काटेकोरपणे पाळली जाते. २००६ साली सुरू झालेल्या ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’साठी किमान उंची ४४ इंच, तर ‘काली रिव्हर रॅपिड्स’साठी ३८ इंच लागते. अशा वेळी आई-वडिलांपैकी एकाने मुलाजवळ थांबावे आणि दुसरा परतल्यावर पुन्हा रांग न लावता आत जावे, अशी सोय आहे. ३ वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही.

काही गोष्टी मुलांना खटकतात. येथे फुगे विकत नाहीत व बाहेरून आणूही देत नाहीत, कारण फुग्याचा तुकडा प्राण्याने गिळल्यास तो जिवावर बेतू शकतो. शीतपेयांसोबत प्लास्टिकची नळी मिळत नाही, कागदी मिळते. संकुलातील इतर उद्यानांप्रमाणे रात्री आतषबाजी होत नाही; त्या सुमारास बहुतेक प्राणी मागच्या बाजूच्या निवाऱ्यांत परतलेले असतात.