परक्या भाषेतील विचारपूस

जर्मनीत शिकण्यास गेलेला आपला विद्यार्थी प्रश्नावली घेऊन तेथल्या कामगारांकडे जातो. भाषेची परीक्षा तो उत्तीर्ण झालेला असतो, व्याकरणही शुद्ध असते. तरीही त्याची पाहणी फसू शकते. ती कशी फसते हे समजून घेणे अगत्याचे आहे; कारण चूक विद्यार्थ्याची झाली तरी खोटे चित्र उभे राहते ते कामगाराचे.

पहिली अडचण शब्दांची. "तुमच्याकडे कामगारांची संघटना आहे काय?" हा साधा प्रश्न घ्या. जर्मनीत या जागी दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'गेवेर्कशाफ्ट' म्हणजे आपली युनियन. वर्गणी भरून कामगार तिचे सभासद होतात आणि ती संप पुकारू शकते. 'बेट्रीब्सराट' हे त्या कारखान्यातील नोकरांनी निवडून दिलेले मंडळ. वरचे व्यवस्थापक वगळता, युनियनचे सभासद नसलेलेही त्यासाठी मत देतात. पश्चिम जर्मनीत त्याचा कायदा १९५२ साली झाला आणि १९७२ साली नव्याने करण्यात आला. या मंडळाला संप पुकारता येत नाही. विद्यार्थ्याने दोन्हींना 'संघटना' म्हटले, तर युनियन नसलेल्या कारखान्यातही ती असल्याची नोंद होईल. आम्हा युनियनवाल्यांच्या दृष्टीने ही चूक लहान नव्हे.

दुसरी अडचण होकार-नकाराची. "तुमच्याकडे मंडळ नाही का?" असे विचारले आणि खरोखरच नसले, तर आपला माणूस "हो, नाही" असे सहज म्हणतो. जर्मन माणूस अशा वेळी "नाइन" म्हणतो. मंडळ असलेच तर "डॉख" म्हणतो. मराठी कानाला ते "नाइन" म्हणजे "नाही, तसे नाही, आहे" असेही वाटू शकते. म्हणून प्रश्न नकारार्थी विचारूच नये.

यावर उपाय आहेत. प्रश्नांचे जर्मन भाषांतर झाले की मूळ मराठी न पाहिलेल्या दुसऱ्या जाणत्याकडून ते पुन्हा मराठीत करून घ्यावे. दोन्ही मराठी ताडून पाहिली की घोटाळा कोठे आहे ते दिसते. मग चार-दोन कामगारांवर प्रश्न तपासून पाहावेत. मुकादम जवळ उभा असताना काही विचारू नये, आणि नाव लिहून घेऊ नये.

परंतु भाषा एक असली म्हणजे सारे साधते असेही नाही. ऑस्ट्रियातील मारिएन्थाल गावची कापडगिरणी १९३०च्या सुमारास बंद पडली. तेथे पाहणीस गेलेल्या व्हिएन्नाच्या अभ्यासकांची भाषा गावाचीच होती. तरी नुसते प्रश्न विचारीत हिंडायचे नाही, गावाच्या उपयोगी पडायचे, असा त्यांचा दंडक होता. त्यांनी कपडे वाटले, डॉक्टरी तपासणीची सोय केली. रस्त्याने जाणाऱ्यांची चालही त्यांनी मोजली. पुरुष बायकांपेक्षा सावकाश चालत आणि वारंवार थांबत. बायकांमागे घरचे काम होतेच. बेकारीने वेळेची किंमत कशी हरवते, हे त्या चालीवरून कळले. त्यांचा ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला.

परक्या भाषेत विचारणाऱ्याने तर डोळे अधिकच उघडे ठेवावेत, आणि उठण्यापूर्वी लिहून घेतलेले उत्तर त्या कामगाराला त्याच्याच भाषेत वाचून दाखवावे. त्यात दुरुस्ती करण्याचा हक्क त्याचा आहे.