टोला लांब हवा कीं सरळ?

गोल्फच्या खेळांत लांबचा पहिला टोला ज्या काठीनें मारतात, तिला ड्रायव्हर म्हणतात. पूर्वीं लांकडाचें असलेलें तिचें डोकें आतां बहुधा पोकळ टायटॅनियमचें असतें, आणि नियमाप्रमाणें 460 घनसेंटिमीटरपर्यंत मोठें असूं शकतें. एवढें असूनहि उजव्या हातानें खेळणाऱ्या हौशी गृहस्थाचा चेंडू उजवीकडे वळून झाडींत जातो तो जातोच! तो हरवला, कीं पुन्हां आरंभस्थानावरून मारावयाचें, आणि तो टोला तिसरा मोजावयाचा.

हें नुकसान टाळण्याकरितां निराळ्या घडणीचे ड्रायव्हर निघाले. त्यांत वजन डोक्याच्या टांचेकडे, म्हणजे दांड्यालगत, ठेवतात; त्यामुळें आघाताच्या वेळीं मुख उघडें राहण्याची खोड कमी होते. मुखाचा कल वाढविला म्हणजे उलटी फिरकी वाढते, आणि चेंडूचें बाजूस वळणें आटोक्यांत येतें. दांडा थोडा आंखूड केला, तर चेंडू मुखाच्या मध्यावर बसणें सोपें जातें. माझ्या मतें सर्वांत मोठा गुण हाच.

हौशी खेळाडूंची पहिली तक्रार अंतराची असते. चेंडू उंच चढतो, समोरून वारा असला तर अधिकच अडतो, आणि सोबत्याच्या चेंडूमागें राहतो. मानी माणसाला हें सहन होत नाहीं! पण दुसरा टोला झाडींतून न मारतां कापलेल्या गवतावरून मारावयास मिळूं लागला, कीं टोल्यांची बेरीज उतरते. मात्र ज्याचा चेंडू मुळांतच डावीकडे वळतो, त्यानें टांचेकडे वजन असलेली काठी घेऊं नये. ती तो चेंडू आणखी डावीकडे नेते.